हूफडॉर्पचे तबलजी

हिमानी देवस्थळी पुण्याच्या मृणालिनीबाईंकडे गाणं शिकली, पण तिला गाताना पुण्यात फारसं कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही. पाहिलं मात्र पुष्कळांनी. बाईंच्या कार्यक्रमात पडदा वर गेला की मध्ये बाई, एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला तबल्यावर गुरुनाथकाका आणि बाईंच्या पाठीमागे तानपुरा घेऊन बसलेली एक मुलगी दिसे. ती हिमानी. तिचा अर्धा चेहरा तानपुऱ्याच्या आड जाई आणि उरलेला अर्धा ती स्वतःच खाली घालून बसे.

गळा वाईट नव्हता. पण बाईंच्या क्लासात संहिता होती, आणि संहिता असताना आपण गावं असं दुसऱ्या कोणाला वाटतच नसे. शिवाय बाईंचा एक नियम होता. बाईंनी स्वतःच्या तोंडाने ‘जा, म्हण’ असं सांगितल्याशिवाय कोणी चारचौघांत गायचं नाही, आणि ते विचारायचा दिवस वर्षातून एकच, गुरुपौर्णिमेचा. एका मुलीने न विचारता सोसायटीच्या गणपतीत भजन म्हटलं, तर बाईंनी तिला पुढचं अख्खं वर्ष नुसता सा घोटायला दिला. ती मुलगी नंतर बँकेत लागली. हिमानी दर गुरुपौर्णिमेला हार आणी, पेढे आणी, वाकून नमस्कार करी आणि ओठांवर आलेला प्रश्न प्रसादाच्या पेढ्याबरोबर गिळून घरी येई.

मग लग्न झालं, आणि यतीनच्या नोकरीपायी दोघं हूफडॉर्पला आली. हे गाव म्हणजे एका मोठ्या तळ्याचा तळ. डच लोकांनी तळं उपसून शेतं केली, शेतांवर ऑफिसं बांधली आणि ऑफिसांत काम करायला नाशिकच्या यतीनला बोलावलं. हिमानीलाही काम मिळालं. रॉटरडॅमच्या बंदरातला माल ने-आण करणाऱ्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या, असा तिचा दिनक्रम होता.

करोना आला आणि दोघांची ऑफिसं घरात आली. यतीनचा आवाज मोठा, म्हणून त्याला खालचं जेवणाचं टेबल मिळालं. हिमानीला मिळाली माळ्यावरची खोली, जिथे वॉशिंग मशीन होतं आणि सरळ उभं राहायला मधलीच जागा होती. तिने भिंतींना गोधड्या लावल्या, कारण खालून यतीनच्या मीटिंगा वर येत. गोधड्या लावल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपला आवाजही आता खाली जात नाही. तिथून सगळं सुरू झालं. माळ्यावर लाजायला कोणी नव्हतं. तिने एक माइक मागवला, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग शिकून घेतलं आणि काम संपलं की ती गाऊ लागली.

जे गाऊ लागली त्याला काय म्हणावं हे तिलाही ठाऊक नव्हतं. सुरुवात ख्यालासारखी व्हायची, मध्येच डिस्कोचा ठेका यायचा. एका गाण्यात सायकलची साखळी होती. एका गाण्यात महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी गावभर वाजणारा सरकारी भोंगा होता आणि त्या भोंग्याच्या सुरालाच षड्ज धरून ती मराठीत सुपरमार्केटच्या रांगेबद्दल तक्रार करत होती. यातलं एक तिने नाव न घालता इंटरनेटवर टाकलं आणि घाबरून दोन दिवस तिकडे फिरकली नाही.

फिरकली तेव्हा युरुनचा निरोप येऊन पडला होता. युरुनची रॉटरडॅममध्ये रेकॉर्ड काढायची कंपनी होती. कंपनीत एकूण माणसं म्हणजे युरुन. त्याने लिहिलं होतं, हे मला फार आवडलं, अख्खा अल्बम करूया का. हिमानीने उत्तर दिलं, बहुतेक तुम्हाला दुसरं कोणी हवं असेल. युरुन म्हणाला, नाही, तूच. पुढे त्याने एक फॉर्म धाडला. त्यात ‘संगीताचा प्रकार’ असा रकाना होता आणि खाली निवडायला पन्नासेक नावं होती. हिमानीने ती सगळी वाचली आणि ‘इतर’ला टिचकी मारली.

अल्बमचं नाव ठरलं ‘समुद्रसपाटीखाली’. पुढच्या सप्टेंबरात काढायचा असंही ठरलं. सगळं ठरल्यावर हिमानीला बाई आठवल्या.

“बाईंना विचारलं नाही मी,” ती यतीनला म्हणाली.

“काय विचारायचंय?”

“परवानगी.”

“अगं, तू चौतीस वर्षांची आहेस. तुला व्हिसा आहे, मतदानाचा सोडून सगळे हक्क आहेत. परवानगी कसली?”

“तुला नाही कळणार.”

“आणि नाही विचारलं तर काय करतील? इथे येतील?”

“सा देतील,” हिमानी म्हणाली.

यतीन हसला, पण ती हसत नाही असं पाहून थांबला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, कुठे थांबायचं हे त्याला कळे. हिमानीने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं, की येत्या गुरुपौर्णिमेला विचारायचंच. बाई हो म्हणाल्या तर अल्बम निघेल. नाही म्हणाल्या तर युरुनला ‘नाही’ म्हणून कळवायचं, मग तो काहीही म्हणो.

बाईंचा क्लास तेव्हा फोनवर चालायचा. बाईंना व्हॉट्सॲपखेरीज काही येत नसे, म्हणून जगभरच्या शिष्या व्हॉट्सॲपवरच शिकत. हिमानीची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी. इकडे सकाळ, तिकडे बाईंचं जेवण व्हायच्या आधीची वेळ. त्यात एक घोटाळा होता. त्या फोनला संगीत कळत नव्हतं. एखादा आवाज सतत एकसारखा येत राहिला की त्याला वाटे, हा पंखा असणार, आणि तो तेवढा आवाज गाळून पुढे पाठवी. म्हणजे नेमका तानपुराच जाई.

“हिमानी, तानपुरा लाव आधी.”

“लावलाय, बाई.”

“मग मला का ऐकू येत नाही?”

“फोन तो खातो, बाई.”

“तुझं आपलं काहीतरीच,” बाई म्हणत.

बाईंचा असल्या यंत्रांवर राग होता, आणि त्याला कारण होतं. गुरुनाथकाका पहिल्या लाटेत गेले. बाईंना त्यांनी जन्मभर साथ केली होती. ते गेल्यावर बाईंनी क्लासात तबलाच लावला नाही. संहिताने एकदा चांगल्या मनाने सुचवलं, की बाई, आता तबल्याचं ॲप मिळतं, बटण दाबलं की ठेका सुरू होतो. बाईंनी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला आणि आठवडाभर उचलला नाही.

अशात डिसेंबर उजाडला, आणि हिमानीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत खांब ठोकायचं यंत्र येऊन उभं राहिलं.

हूफडॉर्पला घर बांधायचं म्हणजे आधी जमिनीत लांबच लांब काँक्रीटचे खांब ठोकावे लागतात. वरची माती सगळी चिखल. खांब खालच्या वाळूपर्यंत पोचला तरच त्यावर घर उभं राहतं. नव्या घरांची अख्खी रांग व्हायची होती, म्हणजे कित्येक महिने ठोकाठोक. यंत्र सकाळी सातला सुरू होई. ठण्ण, मग थोडा थांबा, मग ठण्ण. घरातली कपबशी प्रत्येक ठोक्याला बशीत सरके. शेजाऱ्यांनी बिल्डरकडे तक्रारी केल्या, नगरपालिकेकडे केल्या. यतीन मीटिंगमध्ये प्रत्येक वाक्याच्या मध्ये ‘सॉरी’ म्हणू लागला.

हिमानीची दोन दिवस चिडचिड झाली. गोधड्यांना तो ठोका दाद देईना. तिसऱ्या दिवशी तिने रेकॉर्डिंग लावलं आणि ती ऐकत बसली. ठोका एका लयीत पडत होता. जराही मागेपुढे नाही. तिने चार ठोक्यांची एक मात्रा धरली आणि सहज विलंबित एकताल मोजून पाहिला. बरोबर बसला. मग तिने गाऊन पाहिलं. इतकी वर्षं तिची विलंबित लय पळायची. बाई सांगून थकल्या होत्या. आता पळायची सोय नव्हती. सम आली की घरच हलायचं.

शुक्रवारी क्लासात तिने तोच ख्याल म्हटला. फोनने तानपुरा नेहमीप्रमाणे गिळला, पण ठोका त्याला पंखा वाटला नाही. तो ठोका हूफडॉर्पहून सरळ पुण्याला पोचला.

बाई ऐकत राहिल्या. मधे अडवलं नाही. हे नवीनच होतं. संपल्यावर म्हणाल्या, “आज लय बसली तुझी.”

हिमानीला आपण नीट ऐकलं की नाही कळेना. या वाक्याची तिने पंधरा-सोळा वर्षं वाट पाहिली होती.

“साथीला कोण आहे गं?” बाईंनी विचारलं.

हिमानीने तोंड उघडलं. यंत्र आहे म्हणावं, तर बाई फोन ठेवणार आणि जाताना ते वाक्यही बरोबर नेणार.

“इथलेच एक आहेत, बाई,” ती म्हणाली.

“आपले?”

“नाही. मूळचे जर्मनीचे.” यंत्रावर तसं लिहिलेलं होतं.

“बघ, परदेशात लोक किती मेहनत करतात. हात जड आहे हो त्यांचा. पण लय पक्की. आणि उगाच मध्ये मध्ये येत नाहीत. हल्लीचे तबलजी गाणाऱ्याला वर डोकं काढू देत नाहीत. दाखव बघू, कुठे बसलेत?”

“ते बाहेर असतात, बाई. इथे दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे ना.”

“तरीच आवाज लांबून येतोय. अगं पण थंडी केवढी असेल. आत तरी घे त्यांना.”

“त्यांना बाहेरच बरं पडतं,” हिमानी म्हणाली. एवढं मात्र अगदी खरं होतं.

फोन ठेवल्यावर ती खाली आली आणि यतीनला तिने सगळं सांगितलं. यतीनला इतकं हसू आलं, की त्याला मीटिंगमधून उठावं लागलं.

“पुढच्या वेळी सांगून टाकीन,” ती म्हणाली.

पुढच्या वेळी बाईंनी आधीच विचारलं, “आलेत का तुझे तबलजी?” त्यांच्या आवाजात असा उत्साह होता, की सांगायचं राहिलं. त्याच्या पुढच्या वेळीही राहिलं. मग सांगायची वेळ निघून गेली. आता सांगायचं म्हणजे पहिल्यापासून का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार.

बाईंचा मात्र त्या तबलजींवर जीव जडला. त्या क्लासात हिमानीपेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलू लागल्या. “त्यांना सांग, उजवा हात जरा हलका ठेवा.” “त्यांना सांग, समेवर तेवढा जोर नको, सम आपोआप कळते.” हिमानी खिडकीपाशी जाऊन खोटंखोटं सांगून येई. खांब वाळूपाशी पोचला की ठोक्याचा आवाज चढे. तेव्हा बाई म्हणत, “तबला चढलाय त्यांचा. हातोडी घेऊन उतरवायला सांग.”

“हातोडी त्यांच्याकडेच आहे, बाई,” हिमानी म्हणे.

मार्चमध्ये यंत्र पलीकडच्या, सायकली ठेवायच्या छोट्या खोल्यांचे खांब ठोकायला गेलं. खांब लहान, ठोका हलका. बाई खूष झाल्या. म्हणाल्या, “बघ, सांगितलं ते किती लवकर घेतलं. तुला एवढं सांगायला मला चार वर्षं लागली असती.” हिमानीला क्षणभर त्या यंत्राचा हेवाही वाटून गेला.

क्लासातल्या इतर मुलींपर्यंतही ही कीर्ती गेली होती. ग्रुपवर संहिताने लिहिलं, ‘हिमानीचे तबलजी फार मोठे कलाकार दिसतात. कोणाला दिसतच नाहीत.’ खाली हसणारी तोंडं पडली. हिमानीनेही एक टाकलं, नाहीतर संशय आला असता.

इकडे अल्बम पुरा होत आला. नऊ गाण्यांपैकी पाच त्या ठोक्यावर बांधलेली होती. युरुन म्हणाला, ढोल तर ऐकण्यासारखा आहे. तो ढोल नाही हे कळल्यावर त्याला अधिकच आनंद झाला. जुलै संपायच्या आत तुझा होकार कळव, मग छापायला देतो, असं त्याने सांगून ठेवलं.

जूनमध्ये विमानं पुन्हा सुरू झाली. जुलैत आइंडहोवनचा प्रसन्न पुण्याहून परत आला. तो चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर, आणि येताजाता हॉलंडमधल्या अर्ध्या मराठी घरांचा भाजणी-मसाला त्याच्या बॅगेतून येई. त्याने हिमानीच्या हातात एक जड पुडकं ठेवलं.

“तुझ्या बाईंनी दिलंय. तुझ्या तबलजींसाठी. काय गं, कोण तबलजी?”

पुडक्यात लाल फडक्यात गुंडाळलेली तबल्याची हातोडी होती. लाकडी दांडा बोटांनी झिजून काळा पडलेला. हिमानीने ती लगेच ओळखली. गुरुनाथकाकांची. प्रत्येक कार्यक्रमाआधी तानपुरा लावताना ती याच हातोडीची टकटक ऐकत असे. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. बाई चिठ्ठ्या लिहीत नसत.

त्या दिवशी हिमानी जेवली नाही. यतीनने हातोडी हातात घेऊन पाहिली आणि त्यालाही या खेपेला हसू आलं नाही.

“आता काय करणार?” त्याने विचारलं.

“सांगणार.”

“केव्हा?”

“गुरुपौर्णिमेला. परवानगी मागायच्या आधी.”

“मग परवानगी मिळणार नाही.”

“माहितीये मला,” ती म्हणाली.

पण माणसाचं मन एवढं सरळ चालत नाही. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, आधी एकदा शेवटचं बाईंना खऱ्या ठोक्यावर गाऊन दाखवावं, त्या खूष होतील, मग सांगावं. खूष माणूस कमी रागावतो. पण गुरुपौर्णिमा शनिवारी होती, त्या आठवड्यात बाईंचा क्लास बंद आणि शनिवारी यंत्रही बंद. तिने बाईंना विचारून पाहिलं, की कार्यक्रम शुक्रवारी करता येईल का.

“गुरुपौर्णिमा शुक्रवारी?” बाई म्हणाल्या. “चंद्राला कोण कळवणार, तू का मी?”

मग ती यंत्राकडे गेली. मागच्या जागेत कुंपणाशी उभी राहिली. यंत्र चालवणारा माणूस केबिनमधून खाली उतरून पाव खात होता. केस त्याचं नाव, धिप्पाड, आवाज अडवायला कानांवर घालायचे मोठे मफ गळ्यात अडकवलेले. हिमानीला पाहिल्यावर त्याने पाव डब्यात ठेवला आणि खिशातून बिल्डरचं कार्ड काढलं.

“तक्रारीसाठी या नंबरवर,” तो म्हणाला.

“तक्रार नाही,” हिमानी तिच्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाली. “शनिवारी काम कराल का?”

केसला वाटलं तिचं डच चुकलं. “शनिवारी काम नको म्हणता ना? शनिवारी नसतंच.”

“नको नाही. हवं. एक तास.”

“का?”

“मी गाते. तुमच्याबरोबर.”

केसने डब्याचं झाकण लावलं. सात महिन्यांत त्याच्याकडे बहुतेक अख्खी गल्ली येऊन गेली होती, पण आवाज करा म्हणून कोणी आलं नव्हतं.

“शनिवारी मी बोटीवर असतो,” तो म्हणाला. “आणि शुक्रवारी इथलं संपलं. मग बांधकामवाल्यांची उन्हाळी सुट्टी, मग दुसरं गाव.” डच माणूस नाही म्हणाला की ते नाहीच असतं. तरी निघताना त्याने विचारलं, “चांगलं गाता का?”

“माहीत नाही,” हिमानी म्हणाली. “अजून विचारायचंय.”

शनिवारी मागची जागा गप्प होती. हिमानीने साडी नेसून लॅपटॉपसमोर पाट मांडला. त्या दिवसापुरतं संहिताने बाईंच्या घरी जाऊन मोठ्या पडद्यावर सगळ्या शिष्यांना एकत्र आणलं होतं. पुणे, ठाणे, दुबई, न्यू जर्सी असे चौकोन दिसत होते. मधल्या चौकोनात बाई, पांढरी साडी, गळ्यात हार. यतीन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हिमानीला दिसेल पण कॅमेऱ्याला दिसणार नाही असा.

एकेकीचा नमस्कार झाला. हिमानीची पाळी आली.

“काय गं, पोचली का हातोडी त्यांना?” बाईंनी पहिलं तेच विचारलं.

हिमानीने वाक्य पाठ केलं होतं. तोंड उघडलं तर त्याच्या जागी रडू आलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. तिला बोलता येईना. ती नुसती मान हलवत राहिली, नाही, नाही.

त्या वर्षी फोनवर कोणी असं रडलं की त्याचा अर्थ एकच असे. बाईंचा चेहरा उतरला.

“अरे देवा,” त्या हळूच म्हणाल्या. “कधी?”

कोणीतरी विचारलं, “कोविडच का?” दुबईच्या चौकोनातून आवाज आला, “वय काय होतं हो त्यांचं?” न्यू जर्सीने हात जोडले. हिमानी रडतच होती आणि जितकी रडे तितके ते तबलजी अधिक वारत होते.

तिने दाराकडे पाहिलं. यतीन दोन्ही हात हलवून सांगत होता, हो म्हण, हो म्हण. आणि खरंच, किती सोपं होतं. तबलजी गेले. हातोडी राहिली. सगळ्यांना वाईट वाटलं, आणि दुःखातल्या माणसाने काही मागितलं तर नाही कोण म्हणतं. मान खाली घालायचा अवकाश, की सगळं सुटत होतं.

“सगळ्या उभ्या राहा,” बाई म्हणाल्या. “दोन मिनिटं शांतता.”

सगळ्या उठल्या. कॅमेरे होते तिथेच राहिले, त्यामुळे पडद्यावर एकही तोंड दिसेना. प्रत्येक चौकोनात एक पोट, निऱ्या आणि पदराचा काठ. न्यू जर्सीवालीने वर भरजरी साडी आणि खाली पायजमा घातला होता तेही सगळ्यांना दिसलं. बाईंच्या चौकोनात त्यांचे जोडलेले हात होते.  ते हात पाहून हिमानीचं रडं थांबलं. हे हात तिच्या तबलजींसाठी जोडलेले नव्हते, गुरुनाथकाकांसाठी होते, हे तिला दिसत होतं.

“बाई,” ती म्हणाली, “बसा.”

“शांतता आहे गं,” संहिता पुटपुटली.

“बाई, कोणी गेलं नाही. कोणी नव्हतंच. ते यंत्र आहे.”

पोटं तशीच उभी राहिली. मग एकेक करून तोंडं खाली आली. बाईंचं सगळ्यात शेवटी.

हिमानीने सगळं सांगून टाकलं. घरामागचे खांब, चिखल, ठोका, पहिल्या दिवशीचं ते वाक्य, ते जाईल ही भीती. अल्बमचंही सांगितलं, युरुनचंही सांगितलं. मधे थांबलीच नाही. सगळ्या गाण्यांत मिळून ती एवढं सलग कधी गायली नव्हती.

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “उजवा हात हलका ठेवा असं मी कोणाला सांगत होते?”

कुठल्यातरी चौकोनातून फसकन हसू आलं.

“संहिता, तुझा आवाज बंद कर.”

“मी तुमच्या शेजारीच बसलेय, बाई.”

“मग तोंड बंद कर.” बाई पुन्हा हिमानीकडे वळल्या. “काय करतं ते यंत्र? नीट सांग.”

“खांबाच्या डोक्यावर ठोकतं, बाई. इथली वरची माती सगळी गाळ आहे. खाली कठीण लागेपर्यंत ठोकत राहायचं. नाहीतर वर काही उभं राहत नाही.”

बाईंनी गळ्यातला हार सरळ केला.

“म्हणजे माझाच धंदा की,” त्या म्हणाल्या. “एवढी वर्षं तुमच्या डोक्यांवर दुसरं काय केलं मी?”

आता मात्र सगळे चौकोन हसले. बाई नाही हसल्या. त्यांनी गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. “खोटं बोललीस ते मी विसरणार नाही. गाणी पाठव. सगळी. ऐकल्याशिवाय मी काही सांगत नाही.” आणि पडदा बंद झाला.

नंतरचा आठवडा हिमानीने कसा काढला ते यतीनलाच ठाऊक. युरुनचे निरोप येत होते, ती उत्तर देत नव्हती. मागच्या जागेत यंत्र नव्हतं, त्यामुळे वेळ कुठे चाललाय तेही कळत नव्हतं. जुलैच्या शेवटच्या दिवशी बाईंचा फोन आला, व्हिडिओ नाही, साधा.

“ऐकलं मी. संहिताने मोठे स्पीकर आणून लावले. दोनदा ऐकलं. पहिलं चांगलं आहे. ते भोंग्याचं ऐकून मला हसू आलं. तिसरं काय आहे?”

“डिस्को, बाई.”

“असू दे. ठोक्याची पाचही चांगली आहेत. लय सुटत नाही कुठे. पण चौथं काढ.”

 चौथं गाणं सगळ्यांना आवडलेलं. त्यात ठोका नव्हता, बारीक बासरी होती, आणि तिचा आवाज असा नितळ लागला होता, की यतीनला खरं वाटेना.

“का, बाई?”

“त्यात तू नाहीस. तुझा सा इतका सरळ कधी लागतो? काय केलंस?”

हिमानीने खरं ते सांगितलं. त्या गाण्यात तिने कॉम्प्युटरवर बसून एकेक सूर धरून जागेवर नेऊन ठेवला होता.

“साथीला यंत्र चालेल मला,” बाई म्हणाल्या. “गळ्यात नको. माझ्याकडे शिकलेल्या मुलीच्या गळ्यात तर अजिबात नको. तुझा सा जसा लागतो तसा लागू दे. बरा लागतो.”

“हो, बाई.”

“हातोडी राहू दे तुझ्याकडे. हाडामासाचा कोणी भेटला तर त्याला दे. आणि माझं नाव घालणार आहेस का कुठे?”

“तुम्ही म्हणाल तर.”

“घाल. पण त्या यंत्राच्या वर.” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाई घाईत म्हणाल्या, “आता जा, म्हण,” आणि फोन बंद झाला.

हिमानी फोन कानाला लावून तशीच बसली. मग तिने लॅपटॉप उघडला, चौथं गाणं काढून टाकलं आणि उरलेली आठ युरुनला पाठवली. पाच मिनिटांत त्याचा फोन.

“चौथं कुठे गेलं?”

“काढलं.”

“अगं, तेच तर आधी सोडायचं होतं आपण. ते रेडिओवर लागलं असतं. कोणी सांगितलं काढायला?”

“बाईंनी.”

“बाई कोण?”

डचमध्ये हे कसं सांगावं याचा हिमानीने थोडा विचार केला. नीटसा शब्द सापडेना.

“त्यांचं नाव सगळ्यात वर येईल,” ती म्हणाली. “स्पेलिंग पाठवते.”